एकही ग्लास फुटला नाही

जिन्याच्या वळणावर तिचा धक्का त्याला लागला आणि तिच्या हातातला फायलींचा गठ्ठा थेट त्याच्या प्लॅस्टरवर कोसळला.

"आई गं!" दोघंही एकदमच ओरडले.

"सॉरी, सॉरी... फार लागलं का?"

त्याने डोळे घट्ट मिटले. मग एकच डोळा उघडून विचारलं, "जाणूनबुजून की चुकून?"

"म्हणजे?"

"आधीच विचारून ठेवलेलं बरं. मी त्याचीच केस करायला आलोय. इथे वरती एक वकील आहेत ना, असले दावे चालवणारे?"

"होते," ती म्हणाली. फायली गोळा करायला तिने जरा जास्तच वेळ घेतला. "माझे बाबा. आता मी आहे. चला वर."

बाबांची वकिली एकाच गोष्टीभोवती फिरायची. कुणी कुणाला मुद्दाम मारलं, ढकललं, इजा केली की पोलीस आपलं काम करोत न करोत, दिवाणी कोर्टात जाऊन 'याने मला मुद्दाम दुखवलं, भरपाई मिळावी' असं मागता येतं. बाबा ती मिळवून द्यायचे. ते गेल्यावर अख्ख्या इमारतीने गृहीत धरलं की पोरगी आता ऑफिसला कुलूप लावणार. ते कुलूप कुठे असतं हेही तिला ठाऊक नव्हतं, आणि शोधायची इच्छाही नव्हती.

वर पोचल्यावर तो सरळ बाबांच्या खुर्चीत जाऊन बसला. ती काही म्हणणार तेवढ्यात आतल्या टेबलाशी टाइप करत बसलेली आई शांतपणे म्हणाली, "बसू दे गं."

तो पियानो लावायचा. एकेक तार पिळून, कान लावून, सूर जागेवर आणायचा. एका हॉलच्या मॅनेजरला जुना पियानो विकायचा होता. गिऱ्हाइकाने याला विचारलं, कसा आहे? याने खरं सांगितलं – आतली फळी तडकली आहे. गिऱ्हाईक गेलं. थोड्या वेळाने हा जिना उतरत असताना मागून हाक आली, हा वळला, आणि छातीवर दोन तळवे. उजवं मनगट मोडलं.

"तो म्हणतो, हातात ग्लासांचा ट्रे होता, पाय घसरला, ट्रे मला लागला," तो म्हणाला. "जिन्यावर दिवा मिणमिणता. मला त्याचा चेहरा दिसला, हात नाही. आणि तिसरं कुणीच नव्हतं."

"म्हणजे तुमचा शब्द आणि त्याचा शब्द."

"हो. आता बोला."

"जिंकू," ती म्हणाली.

मग भेटी सुरू झाल्या. कधी कागदावर सही राहायची, कधी तारीख विचारायची असायची, कधी – खरं तर काहीच नसायचं. खिडकीवर पाऊस वाजत असला की तो बोलता बोलता थांबायचा, मान किंचित कलती करून ऐकायचा... आणि ती त्याच्याकडे बघत राहायची.

"अशिलाकडे इतकं हसून बघत नाहीत," आई म्हणाली.

"मी कुठे हसले?"

"आरसा बाथरूममध्ये आहे."

एकदा त्याने विचारलंच. "वकीलबाई, एक विचारू?"

"केसबद्दल?"

"नाही..."

"मग निकालानंतर. तोवर तुम्ही माझे अशील."

"आणि हरलो तर?"

"हरायचं मला जमत नाही. दुसरं काहीतरी विचारा."

मॅनेजरच्या वकिलाचा फोन आला. उपचाराचा सगळा खर्च देतो, फक्त 'अपघात' असं लिहून द्या. तिने फोनवर हात ठेवून समोर बसलेल्या त्याला सांगितलं; तिचं बोलणं संपायच्या आधीच त्याने मान हलवली. "उद्या तो गावभर सांगेल, बिचाऱ्याचा तोलच जात होता. माझ्या तोलाला काही झालं नव्हतं. त्याने ढकललं. कोर्टाने तेवढं म्हणावं, मग पैशाचं काय ते बघू."

ती फोनमध्ये म्हणाली, "नाही." आणि तिला तो आणखीच आवडला, हे काही फोनमध्ये सांगण्यासारखं नव्हतं.

बाबांची एक पद्धत होती. भांडण कागदावर वाचायचं नाही, उभं करून बघायचं. मार खाल्लेल्याला मारणाऱ्याच्या जागी उभं करायचं आणि स्वतः मार खायला उभं राहायचं. एका दुपारी तिने टेबलं सरकवली, प्लॅस्टर निघालेल्या त्याच्या हातात घरचे काचेचे ग्लास मांडलेला ट्रे दिला आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"तुम्ही मॅनेजर. भयंकर रागावलाय. ढकला मला."

त्याने ट्रे टेबलावर ठेवला, पुढे आला... आणि हात हवेतच राहिले. "नाही जमत हो."

"ट्रे खाली का ठेवलात? हातात हवा तो. पुन्हा."

त्याने पुन्हा ट्रे उचलला. पुन्हा पाऊल उचललं. आणि पुन्हा, नकळत, ट्रे आधी टेबलावर.

"अहो!"

"काचेचे आहेत ना! आणि ढकलायचं तर हात मोकळे नकोत?"

दोघांनी एकदमच टेबलावरच्या ट्रेकडे पाहिलं. आतून आईचं टाइप करणंही थांबलं.

"आठवा," ती हळूच म्हणाली. "तुम्ही खाली पडलात. काय ऐकू आलं?"

त्याने मान कलती केली. "माझंच ओरडणं. कठडा थरथरल्याचा आवाज. वर एक दार..." मग त्याचे डोळे चमकले. "काच नाही. एकसुद्धा नाही. फुटली असती तर मला सूर सांगता आला असता."

कोर्टात मॅनेजर छाती काढून उभा राहिला. तिने उलटतपासणीला सुरुवात केली ती अगदी गोड आवाजात.

"इतकी वर्षं हॉल सांभाळताय. काचसामान बरंच फुटत असेल?"

"माझ्या हातून? एकही ग्लास फुटलेला नाही, मॅडम. कुणालाही विचारा."

"अरे वा. त्या दिवशीसुद्धा?"

"त्या दिवशीसुद्धा!"

"पाय घसरला, ट्रे माणसावर आदळला, माणूस जिना गडगडत खाली गेला... आणि ग्लास?"

"ते मी... खिडकीत ठेवले होते."

"कधी?"

मॅनेजर आपल्या वकिलाकडे बघू लागला. वकील छताकडे बघू लागला.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी वाचून दाखवलं: हातातलं जपून खाली ठेवून मग पुढे आलेल्या माणसाचा पाय घसरला असं म्हणता येत नाही. इजा हेतुपुरस्सर केलेली आहे. दावा मंजूर.

बाहेर व्हरांड्यात तो भिंतीला टेकून उभा होता. उजवं मनगट अजून जपत, हात खिशात ठेवलेला. ती आली. बाकावर आधी फायली ठेवल्या. मग पर्स. मग काळा कोट नीट घडी करून.

"हे काय चाललंय, वकीलबाई?"

"हात मोकळे करतेय."

"का?"

"नंतर कुणी चुकून झालं म्हणायला नको."

तिने त्याच्या खिशातून तो उजवा हात बाहेर काढला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला.

"आता विचार," ती म्हणाली, "काय विचारायचं होतं तुला?"

त्याने मान कलती केली, जणू तो 'तुला' अजून हवेत वाजत होता.

"काही नाही," तो म्हणाला. "उत्तर मिळालं."