सही करू नकोस

ग्रोवर आमच्या दुकानात आला तो पळत पळत, आणि चुकून. कार्निव्हल जवळ आला की आमच्या ओरुरो शहराच्या गल्ल्यांत पाण्याच्या फुग्यांपासून कुणाची सुटका नसते. कोपऱ्यावरच्या पोरींनी त्याच्या मानेवर फुगा फोडला, आणि तो दिसेल त्या दारात शिरला. जायचं होतं शेजारच्या दुकानात.

"जाकिटांवर भरतकाम इथेच करतात ना?" केसांतून पाणी निथळत होतं, आणि ओठांवर हसू... उगीचच गोड.

"इथेही करतात," मी म्हटलं. "आधी पुसून घ्या. मशीनवर पाणी उडालं तर आमच्या मालकीणबाई, दोन्या इलारिया, तुम्हालाच पिळून वाळत घालतील."

मालकीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि टॉवेल फेकला. गिऱ्हाईक दारात आलं की ते आपलं, असा त्यांचा हिशोब.

तो झांजा वाजवायचा, रेलांपागो म्हणजे 'वीज' नावाच्या बँडमध्ये. बेचाळीस वादक, बेचाळीस जाकिटं, आणि जाकिटाच्या छातीवर हवी वीज. त्याने काढून आणलेल्या कागदावर वीज होती, ट्युबा, म्हणजे मोठा पितळी कर्णा होता, खाली बारीक अक्षरांत गावाचं नाव, त्याखाली त्याहून बारीक अक्षरांत काहीतरी. सगळं भिजून निळं झालेलं.

"इतकं बारीक नाही जमायचं," मी म्हटलं. "कागदावर पेन काहीही लिहितं. दोऱ्याला अंग असतं. छोटं अक्षर शिवलं की नुसता गोळा होतो."

"मग तुम्हीच सांगा. मला काय कळतंय, मी दोन ताटल्या आपटणारा माणूस."

मी हसले. तिथेच फसले, असं दोन्या इलारिया अजून म्हणतात.

आमच्या दुकानात एक नियम आहे. मी चित्र कॉम्प्युटरवर टाक्याटाक्यानं मांडायचं, मशीनवर एक नमुना शिवायचा, आणि गिऱ्हाइकाने त्या कापडावर सही करायची. मग तो नमुना भिंतीवर टाचला जातो आणि जाकिटं मशीनवर चढतात. चार वर्षांत ती भिंत भरून गेली. सही केलेली माणसं मात्र पुन्हा दिसत नाहीत. एकदा सही झाली की कोण कुणाचं?

ग्रोवर सही करेना.

पहिल्या नमुन्यात वीज त्याला जाड वाटली. दुसऱ्यात बारीक. तिसऱ्या दिवशी ट्युबा "उदास दिसतोय" म्हणाला. दर वेळी येताना गरम आपी आणायचा, जांभळ्या मक्याचं, दालचिनीच्या वासाचं पेय, सोबत तळलेली पेस्ट्री. चौथ्या नमुन्यापर्यंत आम्ही 'तुम्ही' वरून 'तू' वर आलो होतो. बँडवाल्यांना दाखवायला म्हणून नमुना घेताना त्याची बोटं माझ्या बोटांपाशी जरा रेंगाळायची... आणि मी कात्री शोधत बसायचे, जी माझ्या गळ्यातच असायची.

"हा मुलगा विजेला बघायला येत नाही, नॉर्का," दोन्या इलारिया म्हणाल्या. "पण बुधवारी दुपारपर्यंत सही झाली नाही, तर मी मशीन दुसऱ्या बँडला देणार. मग बसा म्हणावं शनिवारच्या मिरवणुकीत जुन्याच जाकिटांत."

मला ते कळत होतं. बेचाळीस माणसं वर्षभर शनिवारची वाट बघत होती. सही व्हायलाच हवी होती. आणि सही झाली की तो यायचा बंद होणार होता. त्या दिवशीचं माझं आपी मशीनशेजारी तसंच गार झालं.

मंगळवारी मी वेडेपणा केला. भरीव नक्षी शिवायच्या आधी मशीन खाली विरळ टाके घालतं, कापड धरून ठेवायला. वरून ते कुणालाच दिसत नाहीत. विजेच्या खालच्या त्या थरात मी तीन शब्द मांडले: सही करू नकोस. सोनेरी टाक्यांखाली गाडून टाकायचे, म्हणजे मनातलं बोललेही आणि कुणाला कळलंही नाही.

पण त्याने सहावा बदल सांगितला. वीज बोटभर वर घे. मी घाईत वीज उचलली, शब्द उचलले, वर नेऊन ठेवले, आणि क्रम बघायला विसरले. शब्द गेले यादीच्या शेवटी. मशीन बिचारं सांगितलेल्या क्रमाने शिवतं. शेवटची सुई होती लाल दोऱ्याची.

बुधवारी मी दोरा आणायला बाहेर गेले, तेवढ्यात दोन्या इलारियांनी नमुना मशीनवरून काढून त्याच्या हातात दिला. चष्मा न लावता.

मी परतले तर तो स्टुलावर बसलेला, मांडीवर कापड. सोनेरी विजेवर ठळक लाल अक्षरं. मी उंबऱ्यातच थांबले.

"हे... खाली राहायला हवं होतं," मी म्हटलं.

"किती खाली?"

"कायमचं."

त्याने पिशवीतून झांजा काढल्या आणि हाताच्या पट्ट्या उलट्या करून दाखवल्या. पट्ट्यांच्या आत, तळहाताला चामडं काचू नये म्हणून, कापडाच्या घड्या. माझे सहाही नमुने.

"पहिली वीजच छान होती, नॉर्का. बँडवाल्यांना मी एकही दाखवला नाही. रोज शिव्या खातोय."

"मग सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर सही करावी लागली असती."

भिंतीवरच्या घड्याळात बाराला पाच कमी होते. दोन्या इलारिया खोकल्या. मी पेन पुढे केलं. "कर सही. बेचाळीस जण आहेत."

त्याने माझ्या लाल शब्दांच्या अगदी खाली सही केली. मग म्हणाला, "एकेचाळीस जाकिटांतून हे काढ. माझ्यात राहू दे. खालच्या थरात. फक्त शब्द बदल."

"काय करू?"

"सही झाली तरी येत जा."

शनिवारी रेलांपागो आमच्या गल्लीच्या तोंडावरून वाजत गेला. बेचाळीस विजा, सगळ्या सारख्या. एका झांजवाल्याने मात्र माझ्यासमोर येताच झांज छातीशी धरली, एक ठोका चुकवला, आणि मागच्या ट्युबावाल्याच्या शिव्या खाल्ल्या.

त्यानंतर कार्निव्हल संपला. सोमवार गेला, मंगळवार गेला. मी दाराकडे बघायचं नाही असं ठरवून दाराकडेच बघत होते. बुधवारी दुपारी तो आला. कागद नव्हता, नमुना नव्हता, हातात फक्त आपीचे तीन पेले.

"आता काय बदलायचंय?" दोन्या इलारियांनी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला, आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसला.