लाल ठिपक्याचं कुलूप

जाऊबाई, नोकरी सोड म्हणताय ना? आधी ऐकून घ्या, मग बोला.

आमचा सांडपाण्याचा प्लांट जुनाच, पण आता त्याच टाक्यांत मेंब्रेन बसवतायत. तळं हिरवं करून सडवणारी खतं पाण्यातून काढायची आणि पाणी बारीक धाग्यांच्या पडद्यांतून गाळायचं, असं ते काम. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर टाकीत पहिलं पाणी सोडायचं होतं; चाक फिरवून पाण्याचं गेट उघडायचं काम माझं.

आमचा नियम माहितीये तुम्हाला. टाकीत उतरणाऱ्यानं गेटच्या चाकाच्या साखळीला आपलं कुलूप लावायचं, किल्ली खिशात ठेवायची. वर आला की त्यानंच काढायचं. कुलूप आहे म्हणजे माणूस खाली आहे.

फिटर वर आले, आपापली कुलपं काढली. एक राहिलं. पितळी, वर लाल नेलपॉलिशचा ठिपका.

तो ठिपका मी लावला होता, ह्यांना आपलं कुलूप पटकन ओळखू यावं म्हणून. हे गेले त्या दिवशी तेच कुलूप साहेबांनी कापायला लावलं होतं. म्हणाले, सगळे वर आलेत, कुणीतरी काढायला विसरलंय. गेट उघडलं, आणि हे खालीच होते... त्या कुलपाचे दोन तुकडे माझ्या कपाटात आहेत, तुम्ही पाहिलेत.

इथे ते अख्खं लटकत होतं.

"कुणाचं आहे?" साहेबांनी विचारलं. तेच साहेब, मध्ये बढती मिळालेले. फिटरांनी आपापली कुलपं हातात दाखवली. "वेळ नका घालवू. कटर आणा."

माझं डोकंच फिरलं. चाकाला पाठ लावून उभी राहिले. "आणा ना! आधी माझा हात कापा."

"अहो बाई, खाली कुणी नाहीये. बघा हवं तर."

"तेव्हाही हेच म्हणाला होतात."

टाकी धुऊन लख्ख केलेली. पडदे ओळीनं उभे, कोरडे. वारा नव्हता, तरी टोकाचे हलले... मग शिडीवर थप्प. ओलं पाऊल पडावं तसं. पुन्हा थप्प, वरच्या पायरीवर. जुन्या गाळाचा वास नाकात शिरला. दिसत कुणीच नव्हतं, पण कोरड्या काँक्रीटवर काळी पावलं उमटत आली आणि माझ्या पुढ्यात थांबली.

घाबरले, खोटं कशाला सांगू? पण पळाले नाही. बाजूला झाले, एवढंच. "या," म्हटलं, "तुमचं तुम्हीच काढा."

खट्. कुलूप उघडून खाली पडलं.

फिटर केव्हाच पसार झाले होते. साहेबांनी चाकाकडे बोट केलं. "झालं ना... आता उघडा गेट..."

"कसं उघडू?"

साखळीला दुसरं कुलूप होतं. हल्ली आम्ही कुलपावर फोटो चिकटवतो. त्यावर साहेबांचा होता.

"मी... मी कधी खाली उतरलोच नाही..." त्यांनी खिसे चाचपले. किल्ली टाकीच्या तळाशी चमकत होती, पडद्यांच्या मधोमध.

"कटर आणू का, साहेब?"

त्यांनी नुसती मान हलवली, नको म्हणून.

तेव्हापासून गेट बंद आहे आणि चाकाशेजारी माझी खुर्ची. साहेब रोज कडेला येऊन किल्लीकडे वाकून बघायचे, उतरायचे नाहीत. काल आले नाहीत. घरीही नाहीत म्हणे. शिडीवर मात्र बुटांचे ओले ठसे आहेत. सगळे खाली जाणारे.

आम्ही टाकी दोनदा शोधली, रिकामी आहे. वरचे अधिकारी म्हणतात, आता तरी कुलूप कापा. मी म्हटलं, हात लावून दाखवा. माणूस कसाही असो, कुलूप आहे म्हणजे तो खाली आहे.