बर्फात आवाज पोचत नाही

त्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून जहूरभाई मुकादम दुखानहून दोह्यातल्या अल अझीझियाला निघाले, ते गरम कपडे आणायला. त्यांच्या मुलीनं, हनियानं, सगळं जमवून ठेवलं होतं. लोकरीच्या टोप्या, जाड मोजे, आईसाठी गुडघ्यापर्यंत येणारा कोट. तो कोट हातात घेताना जहूरभाई अवघडले. मूळ गाव रत्नागिरीकडचं, आणि नंतरचं सगळं आयुष्य दुखानच्या तेलाच्या फील्डवर, कंपनीच्या वसाहतीत गेलेलं. असला कोट घालायची वेळ त्यांच्या घरात कुणावर कधी आलीच नव्हती.

"अब्बा, इतकं टेन्शन नका घेऊ," हनिया म्हणाली. "तिथं काही करायचंच नसतं. म्हणून तर लोक जातात."

हनिया दोह्यातल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात होती. दर हिवाळ्यात गल्फमधली कितीतरी कुटुंबं ती आल्प्सच्या डोंगरांत पाठवायची. चहा करता करता ती वडिलांना समजावत राहिली. बर्फावर घसरायला जाणारे वेगळे, तिची सगळ्यात समाधानी होऊन परतणारी गिऱ्हाईकं म्हणजे नुसती पडून राहणारी. दिवस लवकर मावळतो, त्यामुळे झोप आपसूक येते. बर्फात भरभर चालताच येत नाही, म्हणून जीवही सावकाश चालायला लागतो. लाकडाचं घर, शेकोटी, गरम सूप. आणि कुणीच ओळखीचं नाही. दारात येऊन कुणी विचारणार नाही की, आबिदाभाभी, आता बरं वाटतं का?

या शेवटच्या कारणावर जहूरभाईंनी मान हलवली.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांचा धाकटा, फुजैल, दुखानच्या रस्त्यावर धुक्यात गेला. पहाटे इतकं धुकं होतं की अंगणातली गाडी दिसत नव्हती. आईनं सांगितलं, विरू दे, मग जा. तो हसला नि निघाला. रस्त्यात एक ट्रेलर दिवे न लावता उभा होता.

तेव्हापासून त्याच्या आईची, आबिदाची, झोप उडाली. कतारमध्ये हिवाळा म्हणजे कोवळं ऊन, वाळूवरची सहल. पण दुखानला, समुद्राच्या बाजूला, अधूनमधून सकाळी धुकं उतरतं. तशा सकाळी आबिदा उठायची, पुढचं दार किलकिलं करायची आणि चौकटीला हात धरून उभी राहायची. ओठ हलायचे. जहूरभाई अंथरुणातून ऐकत असायचे. ती दुआ मागते आहे, असं त्यांना वाटायचं. एकदाही उठून ते तिच्याजवळ गेले नाहीत. मुलगा दोघांचा होता, पण दुःख ज्यानं त्यानं आपल्या कोपऱ्यात बसून भोगावं, अशी त्यांची जुनी सवय.

धुक्याच्या दिवसांत तिला इथून बाहेर काढायचं, एवढाच हनियाचा बेत होता. आबिदा नाही म्हणेल अशी भीती होती, पण ती पटकन तयार झाली. फक्त एक गोष्ट तिनं सांगितली. घराची किल्ली कुणाला द्यायची नाही.

जहूरभाईंना वाटलं, दागिन्यांची काळजी असेल. मागच्या अंगणात कढीपत्त्याचं झाड होतं, स्वयंपाकघरातला नळ गळत होता. दोन घरं सोडून गिरीश राहायचा. साताऱ्याकडचा, त्यांच्याच डिपार्टमेंटला काही महिन्यांपूर्वी रुजू झालेला, एकटा, सालस. निघायच्या दिवशी जहूरभाईंनी किल्ली गुपचूप त्याच्या हातात ठेवली.

आल्प्समधलं ते गाव छोटं होतं. खाली दरीत चर्च, वर उतारावर दहा-बारा लाकडी घरं, त्यापलीकडे नुसता पांढरा डोंगर. दोघं उतरली त्या सराईची मालकीण जाडजूड, अबोल बाई होती. आबिदानं सोबत आणलेले तांदूळ नि कोकमं बघून तिनं आपल्या चुलीचा एक कोपरा मोकळा करून दिला. पहिल्याच संध्याकाळी आबिदा जेवून रजईत शिरली आणि दुसऱ्या दिवशी ऊन खिडकीतून आत आल्यावर उठली. जहूरभाई तिच्याकडे बघतच राहिले. तिच्या डोळ्यांखालचं काळं जणू कुणी पुसून घेतलं होतं.

हनिया म्हणाली होती ते सगळं खरं निघालं. काही करायचं नव्हतं. दुपारी दोघं शेवटच्या घरापलीकडच्या बाकापर्यंत चालत जायची, बसायची, परत यायची. एकदा तिचा पाय घसरला, ती बर्फात बसकण मारून पडली आणि हसायला लागली. तो आवाज जहूरभाईंनी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले. थंडीनं आलं पाणी, असं ते म्हणाले.

शेवटच्या दुपारी ती बाकावर बसून बराच वेळ समोर बघत होती. बर्फ भुरभुरत होता. कुठे पानाचा, पाखराचा, गाडीचा आवाज नाही.

"इथं आवाज पोचत नाही," ती म्हणाली. "म्हणून झोप लागली मला."

"कुणाचा आवाज?"

ती हातमोज्यांवरचा बर्फ झटकत राहिली.

"धुकं पडलं की तो दारात येतो. हाक मारतो. आवाज फुजैलचाच."

जहूरभाईंनी तिचा हात धरला. म्हणाले, आईच्या जिवाला तसं वाटणारच.

"ऐका तरी," ती म्हणाली. "फुजैल मला अम्मी म्हणायचा. जन्मात दुसरं काही म्हणाला नाही. हा... आबिदा म्हणतो. आबिदा, आत घे, म्हणतो."

"तू... पाहिलंस त्याला?"

"उंची तेवढीच. शर्टही तोच, त्या दिवशीचा, ओला. तोंडाकडे मी बघत नाही. दार उघडून समोर सांगते, आत यायचं नाही. तेवढं सांगितलं की तो उभा राहतो, नि धुकं विरलं की जातो. पण सांगावं लागतं. दर वेळी."

बर्फ पडत होता. जहूरभाईंच्या मनात एकच गोष्ट आली, किल्ली. ती त्यांनी ओठांवर येऊ दिली नाही. सराईकडे परत जाताना त्यांनी तिला घट्ट धरलं होतं, आणि तिला वाटलं, आपल्याला आधार देतायत.

दुखानला पोचले तेव्हा दुपार होती, स्वच्छ ऊन होतं. गाडीचा आवाज ऐकून गिरीश हसतमुखानं बाहेर आला. झाडाला पाणी घातलं, नळाला वॉशर बसवला, असं सांगत त्यानं किल्ली पुढे केली. आबिदा किल्लीकडे बघत राहिली. मग नवऱ्याकडे.

गिरीशच्या काही लक्षात आलं नाही. तो बोलत होता. मधे दोन-तीन दिवस भयंकर धुकं होतं, जहूरभाई. एका सकाळी गिरीश झाडाला पाणी घालायला आला तर दारात एक मुलगा उभा. पार भिजलेला, कुडकुडतोय. त्या मुलानं जहूरभाईंचं नाव घेतलं, भाभींचं घेतलं. घरचंच कुणीतरी, पुतण्या, भाचा असेल, असं वाटलं. गिरीशनं फुजैलला कधी पाहिलं नव्हतं, घरात फोटोही लावलेला नव्हता.

"बिचारा म्हणाला, मला आत घे," गिरीश म्हणाला. "म्हटलं, ये की बाबा, आत बस. दार उघडून दिलं. मला ड्युटीला जायचं होतं. संध्याकाळी आलो तर घर बंदच होतं, म्हटलं गेला असेल. कोण होता तो?"

आबिदा उंबऱ्यावर गेली. आत पाऊल टाकलं नाही. नुसता वास घेतला. आतून गार, ओलसर हवा बाहेर येत होती. दिवाणखाना होता तसा होता, चादरी जागच्या जागी. फक्त आतल्या टोकाच्या, फुजैलच्या खोलीचं दार, जे ती निघताना उघडं टाकून गेली होती, ते बंद होतं.

"मला हनियाकडे सोडा," ती म्हणाली.

वाटेत ती खिडकीबाहेरच बघत होती. रागानं बोलली असती तर जहूरभाईंना बरं वाटलं असतं. माफी मागायला त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. अझीझियाच्या वळणावर तिनं आपण होऊन त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

पुढं तिची तब्येत सुधारली. हनियाच्या फ्लॅटमध्ये ती झोपायची, जेवायची, खाली दुकानांपर्यंत चालत जायची. धुकं पडलं तरी कुणी हाक मारत नव्हतं. जहूरभाई तिथूनच ड्युटीला जा-ये करायचे. सामान त्यांनी मजूर लावून हलवलं, स्वतः अंगणात उभं राहून. फुजैलच्या खोलीतलं सामान तसंच राहू दिलं. तिकडे जाऊन आलेला एक मजूर म्हणाला, दार आतून घट्ट बसलंय, तेव्हा ते म्हणाले, खलास, असू दे.

आणि मग ते रिटायर झाले. घर कंपनीला परत करायचं होतं.

एप्रिल संपत आला होता. आकाश कोरडं, पांढरं. धुक्याचा मोसम कधीच सरला होता. वीज तोडलेली, एसी बंद, घर आतून भट्टीसारखं तापलेलं असणार. तपासायला हाउसिंगचा तनवीर नावाचा माणूस आला. जहूरभाई म्हणाले, तुम्ही बघून या, मी इथंच थांबतो. तनवीर आत गेला. खिडक्या उघडल्याचे, नळ सोडल्याचे आवाज आले. मग बराच वेळ काही नाही.

तो बाहेर आला तेव्हा दोन्ही हात एकमेकांवर चोळत होता, गारठल्यासारखा.

"साब, अंदर आपका बेटा बैठा है," तो म्हणाला. "मैंने बोला, आज घर खाली करना है. बोला ठीक है, जहूर के साथ जाता हूँ." आणि किंचित नापसंतीनं त्यानं पुस्ती जोडली, "बाप को नाम से बुलाता है?"

त्या क्षणी जहूरभाईंना जे वाटलं ते त्यांनी नंतर कुणाला सांगितलं असतं तरी कुणाला पटलं नसतं. भीती नंतर आली. आधी पाय पुढं उचलला गेला. आत मुलगा होता. तेवढीच उंची, तोच शर्ट. एकदा, फक्त एकदा बघावं. आबिदा कितीतरी सकाळी त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिनं तोंडाकडे बघितलं नाही. हे तिनं कसं केलं असेल, ते त्यांना त्या उन्हात उभं असताना पहिल्यांदा कळलं. आपण अंथरुणात पडून होतो, हेही.

पाऊल त्यांनी मागं घेतलं. दार ओढून घेतलं, तनवीरच्या हातात किल्ली दिली, शुक्रन म्हणत आभार मानले आणि गाडीत येऊन बसले. बाजूच्या सीटकडे न बघता गाडी सुरू केली.

वसाहतीचं फाटक मागं पडलं. दोन्ही बाजूंना वाळू उन्हात चकचकत होती. रस्ता सरळ, मोकळा, दूरवर दिसणारा.

थोडं पुढं गेल्यावर गाडी टिंग टिंग करू लागली. बाजूच्या सीटवर माणूस बसला आणि त्यानं पट्टा लावला नाही, की करते तशी. काचेखाली लाल दिवा लागला होता. जहूरभाईंनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. नजर रस्त्यावर ठेवली. संकटात म्हणतात ती कुराणातली आयतुल कुर्सी म्हणायला सुरुवात केली, आणि लहानपणापासून पाठ असलेले शब्द मधेच सापडेनात.

शेजारी पट्टा ओढल्याची सरसर झाली. टक. टिंग टिंग थांबलं.

तोंडानं त्यांनी सांगून पाहिलं. "यायचं नाही," ते म्हणाले. त्यांचाच आवाज त्यांना परका वाटला. गाडीत गारवा तेवढा वाढला.

अझीझियाच्या वळणाची पाटी दिसू लागली. तिथून पाच मिनिटांवर हनियाचं घर, स्वयंपाकघरात आबिदा. वळण आलं. जहूरभाईंनी गाडी वळवली नाही. सरळ नेली. दक्षिणेकडे, जिकडे वस्ती विरळ होत जाते आणि मग नुसतं वाळवंट लागतं, तिकडे.

फोन वाजला. गाडीच्या स्पीकरवर आबिदाचा आवाज आला, मोकळा, झोप झालेल्या माणसाचा. घर दिलं का, निघालात का, जेवायला थांबलेय, असं ती विचारत होती.

"दिलं," ते म्हणाले. "मला उशीर होईल. तू जेवून घे. आणि आबिदा... दार आतून लावून घे. मी जरी आलो, हाक मारली, तरी आधी हनियाला खिडकीतून बघू दे."

स्पीकरमधून नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. गाडीत दुसरा कसलाही आवाज नव्हता, जहूरभाईंना तरी ऐकू येत नव्हता.

मग ती अगदी हळू म्हणाली, "अहो... तो तुमच्याजवळ बसून हसतोय कशाला?"