देवराम गावडे यांनी भरलेला फॉर्म

देवराम गावडे फॉर्म भरण्यात पटाईत होते. डोंबिवली पूर्वेच्या त्यांच्या सोसायटीत रेशनकार्डापासून गॅसच्या जोडणीपर्यंत कुणाचाही कागद अडला, की माणूस थेट दुसऱ्या मजल्यावर यायचा. देवराम चष्मा पुसत, काळं पेन काढत आणि आधी अख्खा फॉर्म वाचून मगच नाव लिहीत. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात ते अठ्ठावीस वर्षं स्टोअरकीपर होते. तिथला एक बोल्टसुद्धा त्यांनी कधी इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता.

घरच्यांनी तर स्वतःचा फॉर्म स्वतः भरायचं कधीच सोडून दिलं होतं. मालूबाईंचा पासपोर्ट, प्राप्तीची अकरावी, बारावी, कॉलेज, सगळं देवरामांच्या हातचं. मुलीने आजवर फक्त सह्या केल्या होत्या, त्याही त्यांनी पेन्सिलने केलेल्या फुलीवर.

प्राप्ती बापाच्या अगदी उलट. ठाण्याच्या कॉलेजात टीवायबीकॉमला, पण दर रविवारी पाठीला सॅक लावून कुठल्या ना कुठल्या डोंगरावर. तिला गिर्यारोहणाचा कोर्स करायचा होता आणि लोकांना डोंगरावर नेऊन पोट भरायचं होतं. देवरामांच्या मते तिने बँकेच्या परीक्षा द्यायला हव्या होत्या. या एका गोष्टीवरून घरात वर्षभर धुसफूस चालू होती. त्यात ती शीळ घालायची. साधीसुधी नाही, टेंभी नाक्यावरच्या दहीहंडीत तिने दोन बोटं तोंडात घालून अशी शीळ मारली होती, की सातव्या थरावरचा गोविंदा दचकून खाली बघायला लागला होता.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी पालकांच्या ग्रुपवर कॉलेजचा मेसेज आला. करिअर कल चाचणी, ऑनलाइन, आज पाच वाजता बंद. रिपोर्ट नसेल तर कॅम्पस मुलाखतीला बसता येणार नाही. खाली लिंक. प्राप्ती माहुलीच्या किल्ल्यावर होती आणि तिचा फोन लागत नव्हता. तिचा पासवर्ड मात्र देवरामांच्या डायरीत होता.

"अहो, तिचं तिला भरू दे की," मालूबाई म्हणाल्या.

"आणि तारीख गेली म्हणजे?"

या घरात तारीख जाणं म्हणजे दूध नासण्यासारखं होतं.

पहिले साठ प्रश्न सरळ होते. गटात काम करायला आवडतं का, आकडे आवडतात की चित्रं. देवरामांनी मुलीच्या भल्याची उत्तरं दिली. एकसष्टावा प्रश्न आला: घरातून निघताना कुलूप किती वेळा ओढून पाहता? देवराम चमकले. तीन वेळा. मग, कुणी पेन मागितलं तर टोपण स्वतःकडे ठेवता का? अर्थात ठेवतो! पावसाळा नसतानाही पिशवीत छत्री असते का? असते.

"काय शास्त्रीय चाचणी आहे गं!" ते मालूबाईंना म्हणाले. आपण आता कुणाची उत्तरं देतोय, हे ते एव्हाना विसरून गेले होते. अठ्ठ्याऐंशीवा प्रश्न होता: तुम्ही शीळ घालता का? इथे त्यांना मुलगी आठवली. बँकेत शीळ घालणारा माणूस कोण ठेवून घेईल? त्यांनी 'नाही'वर टिचकी मारली.

एकशे विसावा प्रश्न एवढाच होता: ही उत्तरं कायम करायची? पाचला चार मिनिटं होती. त्यांनी 'हो' म्हटलं.

रिपोर्ट लगेच आला. नाव: प्राप्ती देवराम गावडे. योग्य व्यवसाय: स्टोअरकीपर. जुळणी: शंभर टक्के.

रात्री आठला प्राप्ती पाय ओढत घरी आली आणि रिपोर्ट पाहून आधी पोट धरून हसली. "बाबा, हा तर तू आहेस!" मग तिचं हसू थांबलं. "पण नाव माझं आहे ना रे. मला विचारायचंस तरी. उद्या मॅडमना सांगून मी चाचणी पुन्हा देते."

सोमवारी सकाळी ती निघाली तेव्हा देवराम-मालूबाई खाली देवळात गेलेले. परतताना त्यांनी जिन्यातून पाहिलं. प्राप्तीने कुलूप लावलं. ओढलं. पुन्हा ओढलं. दोन पायऱ्या उतरून ती माघारी गेली आणि तिसऱ्यांदा ओढून आली.

"शहाणी झाली," देवराम म्हणाले.

त्या आठवड्यात ती आणखी शहाणी झाली. तिच्या पिशवीत छत्री आली. वर्तमानपत्र वाचून ती घडीवर घडी घालून ठेवू लागली. सॅक धुऊन, आत डांबराच्या गोळ्या टाकून तिने माळ्यावर चढवली. ट्रेकच्या ग्रुपमधून बाहेर पडली. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म तिने स्वतः भरला, काळ्या पेनने, आधी सगळा वाचून. देवरामांनी चार दिवस सोसायटीभर मुलीचं कौतुक केलं. दोन पोरांच्या बापांनी तर ती लिंक मागून घेतली. त्यांच्याकडे ती उघडलीच नाही.

पाचव्या दिवशी सोसायटीतल्या रतन काकू फॉर्म घेऊन आल्या आणि देवरामांकडे न बघता प्राप्तीसमोर बसल्या. काकूंनी सहीसाठी पेन मागितलं. प्राप्तीने पेन दिलं, टोपण मुठीत ठेवलं.

घरात फार शांत वाटत होतं. कशामुळे ते देवरामांना दोन दिवस कळेना. मग कळलं. शीळ नव्हती.

त्या रविवारी जेवताना त्यांनीच विषय काढला. "आज माहुली नाही का गं? तुझा तो कोर्स?"

"नको, बाबा," प्राप्ती घसा खाकरून म्हणाली. देवरामही बोलण्याआधी असेच खाकरत. "तुम्ही तो बोटीवरच्या नोकरीचा फॉर्म टाकला नाहीत, तेही बरंच केलंत."

ती आयुष्यात पहिल्यांदा त्यांना 'तुम्ही' म्हणाली होती. पण देवरामांनी हातातला घास ताटात परत ठेवला तो त्यामुळे नाही. विसाव्या वर्षी भरलेला तो फॉर्म पोस्टाच्या पेटीपर्यंत नेऊन त्यांनी परत आणला होता. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, मालूबाईंनाही नाही. चाचणीतही तसा प्रश्न नव्हता.

सोमवारी त्यांनी कॉलेजात चाचणीचं काम बघणाऱ्या संचिता मॅडमना फोन लावला. "मॅडम, त्या एकशे वीस प्रश्नांतली काही उत्तरं बदलायची होती."

"एकशे वीस?" मॅडम म्हणाल्या. "सर, आमच्या चाचणीत साठच प्रश्न आहेत."

देवरामांनी लिंक उघडली. पानावर एकच ओळ होती: उत्तरं बदलायची असल्यास विद्यार्थ्याने स्वतः बदलावीत.

संध्याकाळी ते लॅपटॉप घेऊन मुलीसमोर बसले. "प्राप्ती, माझं चुकलं गं. मला बँकवाली नको, स्टोअरकीपर नको. मला तू हवीस. हे घे, तुझं तू भर. हवं ते भर."

"कशाला, बाबा? सगळी बरोबर आहेत." तिने शांतपणे लॅपटॉप मिटला आणि फाईलमधून एक कागद काढला. "तुमचाही भरलाय मी. पालकांसाठी होता. आज पाचपर्यंतच तारीख होती."

देवरामांनी चष्मा पुसला. अक्षर त्यांचंच होतं. कुलूप किती वेळा ओढता? एकदाही नाही. छत्री? नाही. अठ्ठ्याऐंशीवा: शीळ घालता का? हो.

त्यांना रडू आलं, ते आनंदाने. ही तर प्राप्तीची उत्तरं! म्हणजे ती आत कुठेतरी आहे, तिला सगळं आठवतंय.

त्यांनी शेवटचा प्रश्न पाहिला: ही उत्तरं कायम करायची? तिथेही 'हो' होतं.

आत मालूबाई देवापाशी दिवा लावत होत्या.

"प्राप्ती," त्या तिथूनच ओरडल्या, "दिवेलागणीला शीळ घालू नये गं, किती वेळा सांगितलं तुला!"

प्राप्ती समोरच बसली होती, तोंड मिटून, पेनला टोपण लावत.