सावकाशरावांचं मशीन

"फुंकू नका!"

त्या दोघांमधलं पहिलं वाक्य हे असं. याहून गोड सुरुवात करता आली असती, पण तिच्या नाकावर कायम राग बसलेला. गोडव्याला तिथे जागाच नव्हती. तो काउंटरपाशी उभा होता, समोर त्याचं बिघडलेलं मशीन, एका हातात जुन्या व्हिडिओ गेमची कॅसेट, ओठांचा चंबू केलेला… आणि आतल्या टेबलावरून ती अशी ओरडली, की शब्दकोडं सोडवत बसलेल्या आत्याच्या हातून पेन्सिल सुटली.

त्याने कॅसेट खाली घेतली. पण किती सावकाश! एवढ्या वेळात तिचा एक स्क्रू काढून झाला असता.

"लहानपणापासून फुंकतोय," तो म्हणाला. मग थांबला. मग— "चालायची."

"चालायची, म्हणूनच बिघडली. वाफ आत जाते, पट्ट्या गंजतात. पाटी वाचली नाहीत का दारावरची?"

तो वळला, दारापर्यंत गेला, पाटी वाचली— सगळी, तिच्या खालच्या दुकानाच्या वेळांसकट— आणि परत आला. "वाचली," तो म्हणाला.

आत्या हसू दाबत पेन्सिल शोधायला खाली वाकली. ती तेव्हाच वाकली नसती तर तिला दिसलं असतं, की भाची त्याच्या बोटांकडे बघतेय. लांब, शांत बोटं. खांद्यावरच्या पिशवीतून लोकरीच्या पट्ट्या आणि सूर तपासायचा काटा डोकावत होता. पियानो सुरात लावून द्यायचं काम करायचा तो. घरोघरी जाऊन एकेक तार पिळायची, ऐकायची, पुन्हा पिळायची. अशा माणसाला घाई कशाला असेल?

तिचं काम म्हणजे जुन्या खेळयंत्रांची दुरुस्ती. त्यातही एका जपानी मशीनवर तिचा विशेष जीव. ते राखाडी, चौकोनी, आईवडिलांच्या तरुणपणी घराघरांत टीव्हीखाली बसलेलं मशीन. दूरदूरच्या गावांहून लोक तिच्याकडे पाठवत, कारण ती नुसती दुरुस्ती करत नसे. त्या काळी जपानमधले टीव्ही सेकंदाला साठ चित्रं दाखवत आणि पश्चिमेकडच्या कितीतरी देशांतले, आणि आपल्याकडचेही, पन्नास. त्यामुळे जपानी खेळ पन्नासच्या मशीनवर रेंगाळल्यासारखे चालत. ती मशीनमधले दोन-तीन भाग बदलायची आणि त्याला जपानी वेग द्यायची. न सांगता, न विचारता, आपली पद्धत म्हणून. घरी नेऊन लावलं, की गिऱ्हाईक फोन करून म्हणे, "अहो, पहिल्यांदा खरा खेळ खेळलो!" हे ऐकायची तिला सवय झाली होती.

त्याचं मशीनही तिने तसंच करून दिलं. गंजलेल्या पट्ट्या पुसल्या, फुगलेला भाग काढला, जपानी वेग दिला. तो मोजून तीन वेळा "आभार" म्हणाला आणि गेला.

चौथ्या दिवशी तो मशीन घेऊन दारात!

"काय झालं?"

"पळतंय."

"म्हणजे चालतंय ना?"

"चालत होतं. आता… पळतंय."

तिने मशीन लावलं, तिच्याकडचा जपानी खेळ घातला. सुरेख चालत होता. "बघा," ती म्हणाली.

"हा नाही," म्हणत त्याने पिशवीतून चार कॅसेट्स काढून काउंटरवर एका ओळीत मांडल्या. मग ओळ सरळ केली. ती दात-ओठ खात बघत राहिली.

चारही खेळ त्या जपानी मशीनचेच, पण एकही जपान्यांनी केलेला नव्हता. कुठल्या कुठल्या पाश्चात्त्य गावांतल्या छोट्या कंपन्या. एक तर दोघा भावांनी गॅरेजमध्ये बसून केलेला. त्यात दीपगृहाचा एक म्हातारा रखवालदार होता, वादळात जिना चढून दिवे लावणारा. एक गवंडी होता, नदीला पूर यायच्या आत पूल बांधणारा. टोपल्या विणत विणत भुतं पकडणारी एक बाई होती. आणि गोगलगाईंची शर्यत.

"गोगलगाईंची?" तिने कपाळाला हात लावला. "जगातले एवढे उत्तमोत्तम खेळ आहेत या मशीनवर, आणि तुमचे आवडते हे?"

"हे."

"अहो, नकला आहेत या! यांना उडी कशी मारायची ते माहीत नव्हतं. रंग बघा, चिखल नुसता."

"चिखल चांगला काढलाय पण," तो शांतपणे म्हणाला. "पुराचा आहे तो." आणि हसला. सावकाश. आधी डोळे, मग एक गाल, मग उरलेला चेहरा. तिच्या छातीत काहीतरी धडधडलं आणि त्याचाही तिला राग आला.

त्यानंतर तो येतच राहिला. दर तीन-चार दिवसांनी, दुपारी, दोन पियानोंच्या मध्ये. ती मशीन उघडायची, मोजायची, बंद करायची. "काही बिघाड नाही."

"संगीत वर गेलंय. अर्ध्या सुराहून थोडं जास्त."

"तुमचे कान वाजतायत."

"कानांवरच पोट आहे माझं."

"मग वय झालं असेल. लहानपणी सगळंच सावकाश वाटतं."

"मला अजूनही वाटतं," तो म्हणाला, आणि तिला हसू आलं. ते लपवायला तिने उगाच खोक्यातले स्क्रू चाळले.

आत्याने त्याचं नाव ठेवलं सावकाशराव. "आले बाई तुझे सावकाशराव," ती म्हणायची आणि बाहेरच्या खोलीतली खुर्ची पुसून ठेवायची. कधी यायला उशीर झाला, की शब्दकोड्यातून डोकं वर न काढता विचारायची, "पाच अक्षरी, ताटकळणे या अर्थी?" भाची आतून पक्कड आपटायची.

पण खरं सांगायचं तर ती ताटकळत होतीच. दुपार झाली, की केस नीट करायची आणि मग चिडून पुन्हा विस्कटायची. तिच्या हाताखालून गेलेलं मशीन आजवर परत आलं नव्हतं; हे सहाव्यांदा आलं. तिला अभिमान टोचत होता. आणि सातव्यांदा आलं नाही तर?— ते त्याहून जास्त टोचत होतं.

शेवटी एका दुपारी तिचा तोल गेला.

"हे बघा. या मशीनमध्ये काडीचाही दोष नाही. माझी आत्या, शेजारचा चष्मेवाला, झाडून सगळे म्हणतात की तुम्ही बहाणे करून येता. एकदा काय ते खरं सांगा. तुम्ही मशीनसाठी येता की… की दुसऱ्या कशासाठी?"

बाहेर आत्याची पेन्सिल थांबली.

तो विचार करू लागला. त्याने हातातला काटा पिशवीत ठेवला. पिशवीचं बटण लावलं. मग तोंड उघडलं.

"मशीनसाठी—"

तिने स्क्रूड्रायव्हर टेबलावर असा आपटला, की तीन स्क्रू जमिनीवर उडाले. "छान!" ती म्हणाली. "उत्तम! ठेवून जा. शेवटचं बघते." आणि आतल्या कोठीत जाऊन दार लावून घेतलं. बाहेरून त्याचा आवाज आला, आत्याशी बोलणारा: "शनिवारी येतो. नाही झालं तर जसं आहे तसं घेऊन जाईन, पुन्हा… त्रास देणार नाही."

कोठीत उभ्या उभ्या तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते आल्याची चीड आली. मशीनसाठी म्हणे! एवढं तोंडावर खरं कोणी बोलतं? चार गोड शब्द खोटे बोलला असता, तर काय बिघडणार होतं?

शुक्रवारी तिने त्याला खोटं पाडायचं ठरवलं. दुसऱ्या एका गिऱ्हाईकाचं तसंच मशीन आलेलं होतं, अजून हात न लावलेलं, जुन्या पन्नासच्या वेगाचं. दोन्ही मशीन्स शेजारी शेजारी लावावीत, त्याच्या लाडक्या खेळांचं रडगाणं टीव्हीवर चालवून दाखवावं, आणि म्हणावं, हे घ्या तुमचं बालपण.

तिने दीपगृहाच्या रखवालदाराची कॅसेट हात न लावलेल्या मशीनमध्ये घातली.

आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

तिच्या मशीनवर तो म्हातारा माकडासारखा टणाटण उडायचा आणि तिसऱ्याच पायरीवरून पडायचा. इथे तो चढत होता. एक पाय, मग कठड्याला हात, मग दुसरा पाय. लाट आपटायची, तो थांबायचा. लाट ओसरायची, तो निघायचा. लाटेचा आणि त्याच्या पावलाचा मेळ कोणीतरी बसून, जीव ओतून जुळवला होता. आणि तिच्या टेबलावर सर्कशीच्या बँडसारखं वाजणारं ते संगीत? ते अंगाईगीत होतं.

तिने गवंडी लावला. पूर वेळेत येत होता. टोपलीवाली लावली. गोगलगाई तर गोगलगाईंसारख्याच चालत होत्या, आणि त्यातच सगळी मजा होती. मागचीच्या डोळ्यांच्या काड्या पुढे जायच्या आधी किंचित लांबत, ते तिला कधी दिसलंच नव्हतं.

दोघे भाऊ गॅरेजमध्ये बसले होते ते त्यांच्या गावच्या टीव्हीसमोर. पन्नास चित्रांच्या. त्यांनी खेळ त्याच वेगासाठी बेतला होता. जपानी खेळांचा हरवलेला वेग परत देते, म्हणून ती मिरवत होती, आणि यांचा असलेला वेग इतकी वर्षं हिसकावून घेत होती. एकाही गिऱ्हाईकाने तक्रार केली नाही, कारण हे खेळ कोणी खेळतच नव्हतं. एक सावकाशराव सोडून. आणि त्याला ती म्हणाली होती, कान वाजतायत!

ती दिवसभर खेळत बसली. आत्याने दोनदा जेवायला हाक मारली, मग आत येऊन बघितलं. "काय गं, सापडला दोष?"

"सापडला," ती म्हणाली. "मीच."

"किती वेळाचं काम?"

"अर्ध्या तासाचं." काढलेले मूळ भाग ती प्रत्येकाच्या नावाच्या पाकिटात जपून ठेवायची, त्याचं पाकीट समोरच्याच खणात होतं.

आत्याने पेन्सिल कानामागे खोचली. "मग दोन महिन्यांचं आहे म्हणून सांग ना. येईल बिचारा."

"आत्या!"

"बरं बाई, नाही म्हटलं."

पण ते वाक्य तिच्या डोक्यात घर करून बसलं. दुरुस्त केलं की तो नेणार. मशीनसाठीच येत होता ना? मग झालं, संपलं. डाख द्यायची गरम सळई हातात धरून ती कितीतरी वेळ बसली. शेवटी खण उघडला, पाकीट फाडलं आणि एकेक मूळ भाग जागच्या जागी बसवला. इतकं जिवावर आलेलं काम तिने आयुष्यात केलं नव्हतं, आणि इतकं नीटही.

शनिवारी तो आला. ती टेबलाशी न थांबता काउंटरपाशीच येऊन उभी राहिली.

"तुमचं बरोबर होतं," ती एका दमात म्हणाली. "चूक माझी. मी वेग बदलला होता, तुम्हाला न विचारता. सगळ्यांचाच बदलते. तुमचे खेळ त्या वेगाचे नाहीत. आणि ते नकला नाहीत. चिखल खरंच चांगला आहे. ऐका."

तिने मशीन लावलं. अंगाईगीत दुकानभर पसरलं. त्याने डोळे मिटले, आणि शेवटचा सूर विरेपर्यंत तो तसाच उभा राहिला.

"हेच," तो म्हणाला.

"हो ना? बरं. मग न्या." ती वायर गुंडाळू लागली.

"मी… त्या दिवशी—"

"पैसे नकोत. माझी चूक होती."

"नाही, तुम्ही विचारलंत, तेव्हा मी—"

"कॅसेट्स वेगळ्या ठेवल्यात, पिशवीत घासतील."

"मी म्हणत होतो, की—"

"आणि फुंकू नका!"

तो थांबला. नेहमीसारखाच. तिने वर पाहिलं, आणि त्या शांत, वाट बघणाऱ्या चेहऱ्याकडे बघून तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, बोला ना काहीतरी! असे काय बघता नुसते? मला तुम्ही आवडता! कळतंय का? मला ते अजिबात आवडलेलं नाही, माझ्या कामाचं वाटोळं झालंय त्यापायी, पण आवडता! आता जा. घ्या ते मशीन आणि जा."

कोपऱ्यात आत्याची पेन्सिल पुन्हा एकदा जमिनीवर पडली. या वेळी ती उचलायला कोणी वाकलं नाही.

त्याने मशीन उचललं नाही. पिशवी खांद्यावरून काढली, खाली ठेवली. तिच्या पट्ट्याची नीट घडी केली. देवा! ती मनात किंचाळली, पण ओठ घट्ट मिटून घेतले. नाही बोलायचं. जीव गेला तरी मध्ये बोलायचं नाही.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "मी मशीनसाठी म्हणालो, आणि तुम्ही आत गेलात. वाक्य… अर्धंच झालं होतं."

तो पुढचा शब्द शोधत होता, एकेक तार पिळून बघावी तसा. रस्त्यावरून एक सायकल गेली, घंटी वाजवत. तरी ती थांबली.

"मशीनसाठी येतो, असं मी रोज स्वतःला सांगत होतो. तिसऱ्या खेपेपासून… ते मलाच पटेनासं झालं."

"आठवडा!" तिचा आवाज चिरकला. "हे सांगायला तुम्हाला आठवडा लागला?"

"नाही. दुसऱ्याच दिवशी सांगणार होतो. पण शनिवार ठरला होता ना."

ती हसू लागली. इतकी, की डोळ्यांतून पाणी आलं आणि काउंटरचा आधार घ्यावा लागला. तो बघत राहिला, आणि मग त्याचंही हसू निघालं. डोळे, एक गाल, आणि उरलेला चेहरा. या वेळी तिने ते अथपासून इतिपर्यंत पाहिलं.

"अजून काही राहिलंय का सांगायचं?" तिने डोळे पुसत विचारलं.

"आहे. बरंच आहे."

तिने आत्याने पुसून ठेवलेली खुर्ची ओढली, त्याच्यासमोर मांडली, आणि स्वतः काउंटरवर कोपरं टेकून उभी राहिली.

"बसा," ती म्हणाली. "सांगा सावकाश. मी थांबते."