पट्टीवरचा अंगठा

२००६ च्या एप्रिलमध्ये जालन्यात दुपारी लाइट जाणं ही काही बातमी नव्हती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत कौसल्यानं त्यावर नियमच घालून दिला होता: लाइट गेली, की पट्टी द्रावणातून लगेच बाहेर. नाहीतर चढलेला थर परत विरघळतो.

पट्टी अ‍ॅल्युमिनियमची, काडेपेटीएवढी, डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांनी भरलेली. द्रावणातून वीज सोडली, की छिद्राछिद्रात कॅडमियम सेलेनाइडची तार वाढायची, केसाहून हजारपट बारीक. पट्ट्या ती स्वतः कापायची. उजव्या अंगठ्यावरची तिरपी खूण त्यातलीच. पीएचडीसाठी आता एकच नीट पट्टी हवी होती. उद्या ती औरंगाबादच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली जाणार होती. पुढचा नंबर दिवाळीनंतर, आणि फेलोशिप जूनमध्ये संपत होती.

ती तिचे गाइड बद्रीनाथ सर यांच्या खोलीत असताना लाइट गेली. ती परतली तेव्हा लाइट आलेली, पट्टी द्रावणात आणि अटेंडंट लालमियाँ स्टुलावर निवांत.

"चाचा, पट्टी काढली होती ना?"

"बराबर काढल्ती. चिमटा घावंना, मंग हातानंच."

"हातानं?"

"धुतले हुते की हात. तुमच्यावानी मोजे घालून चहा न्हाई पेत मी."

तिनं वीज बंद केली, पट्टी धुऊन वाळवली आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. अंगठ्याचा ठसा होता. तेलकट बोटानं छिद्रं बुजतात, तिथं काही वाढत नाही. इथं उलटं झालं होतं. थर फक्त ठशाच्या रेघांवर चढला होता. बाकी पट्टी कोरी.

ती भांडी विसळून आली. ठसा खाली वाढत सांध्याच्या घडीपर्यंत पोचला होता.

पट्टी कोरडी होती. तिला एकही वायर जोडलेली नव्हती.

"चाचा, अंगठा दाखवा बरं."

लालमियाँनं तो खिडकीकडे धरला. सांध्यापर्यंत कातडी काचेसारखी गुळगुळीत.

"सकाळी रेशनच्या वहीवर उमटला ना बराबर," तो हळू म्हणाला. मग, "फेकून द्या ती पट्टी, मॅडम."

"उद्या जायचीय ती."

तिनं पुन्हा डोळा लावला.

पहिल्या ठशाशेजारी दुसरा उमटू लागला होता. अरुंद. मधून तिरपी चीर गेलेला.

तिनं पट्टी चिमट्यानंच धरली होती. हातमोजे सकाळपासून उतरवले नव्हते.

"काय झालं?" लालमियाँनं विचारलं. "मोजा काढा, बघू तरी."

कौसल्या उजवा अंगठा मोज्यासकट मुठीत दाबून बसून राहिली.