बाबांच्या गाडीतली ऊब

त्या रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही, तो मेकॅनिकच्या बोलण्यामुळे.

"ताई, गाडी चालू होते म्हणून ठेवून घेऊ नका," तो म्हणाला होता. "बॅटरीत समुद्राचं पाणी शिरलं की पाणी निघून जातं, मीठ आत राहतं. आज पेटेल, नाहीतर महिन्याने पेटेल. घरापासून लांब, उघड्यावर नेऊन उभी करा. चार्जिंगला तर लावूच नका."

तशी तिला जागायला निमित्त लागत नसे. ठकीला, म्हणजे तिच्या चिमुरड्या लेकीला, साधी शिंक आली तरी ती तिच्या नाकाशी बोट धरून रात्रभर बसायची. नवरा म्हणायचा, "काळजी करायला काही सापडलं नाही, की तुला त्याचीच काळजी लागते." या वेळी मात्र काळजी चांगली खरीखुरी होती, आणि तीच बाई त्या काळजीकडे कानाडोळा करत होती.

कारण गाडी बाबांची होती.

बाबा, तिचे वडील, जाऊन फार दिवस झाले नव्हते. ही इलेक्ट्रिक गाडी त्यांनी उतारवयात हौसेने घेतली. "आवाजच नाही बघ. चोरपावलांनी येते, चोरपावलांनी जाते," असं ज्याला त्याला सांगायचे. घर समुद्राजवळ. खारा वारा पत्रा खातो म्हणून बाबा दर रविवारी गाडी गोड्या पाण्याने खालून-वरून धुवायचे. आधीच्या साध्या गाड्याही त्यांनी तशाच जपलेल्या. लहानपणी फडकं पिळून द्यायचं काम हिचं. तिने पिळलेलं फडकं ते पुन्हा एकदा पिळायचे, पण तिच्या नकळत.

वादळात समुद्र गल्लीत आला, घराखालच्या गॅरेजमध्ये सीटपर्यंत चढला आणि सकाळी निघून गेला. तेव्हा तिने तेच केलं. नळी लावून गाडी धुतली, पंखा लावून वाळवली. बटण दाबलं, तर दिवे लागले! तिला रडूच फुटलं. धुतलं की मीठ जातं, हे त्या घरातलं ब्रह्मवाक्य होतं. बॅटरीच्या बंद पेटीत शिरलेलं मीठ नळीच्या पाण्याने निघायचं कसं, हा प्रश्न त्या शिकल्यासवरलेल्या बाईला पडलाच नाही.

आणि गॅरेजच्या बरोबर वर ठकीची खोली होती.

"आज गाडी बाहेर काढायची," सकाळी नवरा म्हणाला.

"उद्या काढू. आभाळ भरलंय. उघड्यावर गंजेल रे."

"गंजू दे की! पोरगी वर झोपते आपली. विषाची परीक्षा कशाला?"

"बरं," ती म्हणाली. "पण न्यायच्या आधी मला जरा बसू दे तिच्यात."

दुपार कलली तसा तो ढकलायला माणसं बोलवायला गेला. ठकीला तिने शेजारच्या काकूंकडे सोडलं आणि एकटी गॅरेजमध्ये आली.

आत ओल्या चिखलाचा वास होता. भिंतीवर पाण्याने आपली रेघ ओढून ठेवली होती. ती नेहमीच्या जागी, बाबांच्या शेजारच्या सीटवर बसली आणि दार ओढून घेतलं. बाहेरचा आवाज तुटला. आधीच्या गाड्यांत अशीच बाबांच्या शेजारी बसून ती परीक्षांना गेली होती, आणि या जागेवरून ठकीला दवाखान्यातून घरी आणलं होतं. वाटेत बाबा प्रत्येक खड्ड्यापाशी गाडी इतकी हळू करत होते, की मागचे लोक शिव्या देत होते.

हळूहळू एक गोडसर वास आला. दाढी झाल्यावर बाबा गालाला काहीतरी लावायचे… तसा. मग आवाज. टक्… टक्… टक्… सिग्नलला थांबलं की बाबा स्टिअरिंगवर बोट वाजवायचे.

तिने शेजारच्या, बाबांच्या सीटवर हात ठेवला. सीट ऊबदार होती. आणि खाली दबलेली… कोणी बसल्यासारखी.

तिला भीती वाटायला हवी होती. एरवी पाल चुकचुकली तरी दचकणारी ती. पण तिला इतकं बरं वाटलं, की डोळे आपोआप मिटले.

"बाबा…?"

टक्… टक्…

ऊब तिच्या पायांखालून वर चढत होती. डोकं जड झालं. थोडं झोपावं, तिला वाटलं. बाबा आहेत, पोचलो की उठवतील…

"आई!"

गॅरेजच्या दारात ठकी उभी होती. काकूंचा डोळा चुकवून आलेली.

"आई, बाहेर ये. आजोबा म्हणतात, लवकर बाहेर ये!"

तिने डोळे उघडले. काचेच्या आत पांढरा धूर भरला होता. सीटखाली काहीतरी फूत्कारत होतं. तिने दार ढकललं… उघडेना. आतून कोणी ओढून धरल्यासारखं. खांद्याने धडक दिली, तशी ती फरशीवर पडली, उठली, ठकीला कवटाळलं आणि रस्त्यापर्यंत धावत सुटली. पाठीमागे भडका उडाला.

आग विझली म्हणेपर्यंत पुन्हा पेटायची. अग्निशमनवाले संध्याकाळ होईपर्यंत पाणी मारत राहिले. गॅरेज गेलं, वरची खोली गेली. ठकीच्या पलंगाचं लोखंड तेवढं उरलं.

"गाडीत कोणी नव्हतं ना?" एका जवानाने विचारलं.

"नाही. मीच होते."

तिने ठकीला आणखी जवळ ओढलं. "आजोबांनी वाचवलं गं आपल्याला," ती पुटपुटली. "माझ्या शेजारी बसले होते."

ठकीने मान हलवली.

"नाही काही. आजोबा माझ्याजवळ होते, दारात. तुझ्या शेजारी तो ओला माणूस होता, समुद्राच्या पाण्याबरोबर आलेला." मग आईच्या खांद्यावरून मागे बघत ती हळूच म्हणाली, "तोपण उतरला, आई. तुझ्या मागून."